अक्षतेनंतरचे पांच तास

वर्तमानपत्राच्या अग्रलेखाची जागा अंदाजपत्रक, निवडणुका व कोर्टाचे निकाल यांसाठीं राखलेली असते. तेथें लग्नांतल्या पाहुण्यांनीं मधला वेळ कसा घालवावा याची चर्चा आम्हीं आरंभिली तर कित्येकांस हंसूं येईल हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या समाजांत सामान्य गृहस्थाची कित्येक वर्षांची शिल्लक एका दिवसांत खर्चीं पडते, आणि तो दिवस बहुधा मुलीच्या लग्नाचा असतो, त्या समाजांत त्या दिवसाचे तास कोणत्या कामीं लागतात हा प्रश्न केवळ खासगी म्हणून सोडून देतां येत नाहीं. शिवाय तो दिसतो तितका क्षुल्लकहि नाहीं. आमच्या विवाहसंस्कारांत पाहुण्याचें स्थान काय, हा मुद्दा त्याच्या मुळाशीं आहे.

शहरांतील, आणि आतां तालुक्याच्या गांवांतील देखील, लग्नाची रीत अशी पडली आहे. दुपारीं बारासाडेबाराच्या सुमारास अक्षता पडतात. दोन अडीचपर्यंत पंगती उरकतात; पंगती म्हणावयाचें तें आतां केवळ संवयीनें, कारण बहुतेक ठिकाणीं ताट हातांत घेऊन उभ्यानेंच जेवावें लागतें. पत्रिकेच्या तळाशीं मात्र आणखी एक ओळ असते : 'स्वागतसमारंभ सायंकाळीं ७ ते १०'. म्हणजे जेवणाचा हात वाळल्यापासून स्वागतसमारंभाचे दिवे लागेपर्यंत साडेचार पांच तास मोकळे राहिले. या वेळांत वधू कोठें असते? प्रसाधनगृहांत. वर कोठें असतो? छायाचित्रकाराच्या ताब्यांत, तो सांगेल त्या झाडाखालीं, तो सांगेल तसा हंसत. वधूपिता आचारी, मांडववाला व फुलवाला यांच्या बिलांत बुडालेला, आणि वधूची आई तर दिवसभर कोणाच्या दृष्टीसच पडत नाहीं. ज्यांच्यासाठीं पाहुणा आला त्यांपैकीं एकहि मनुष्य त्याच्याशीं बोलावयास मोकळा नाहीं. कऱ्हाडाहून पहांटेच्या एस. टी. नें निघालेली आत्याबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडीवर पिशवी घेऊन बसते. पाठ टेकावयास जागा नाहीं, कारण वरच्या मजल्यावरील खोल्या वरपक्षास दिल्या आहेत. परतीची गाडी रात्रीं आहे, आणि मध्येंच निघावें तर 'आत्या न भेटतां गेली' हा बोल जन्माचा लागतो.

असें बसलेल्या दोनतीनशें माणसांचें काय करावें, हा यजमानापुढें प्रश्न उभा राहतो. आणि जो प्रश्न यजमान सोडवीत नाहीं तो सोडविणारे धंदेवाईक लोक लगेच पुढें येतात. म्हणून अलीकडे करमणुकीचा मक्ता देण्याची चाल निघाली आहे. एक सूत्रसंचालक असतो. त्याच्या हातीं ध्वनिवर्धक असतो. आणि त्याची समजूत अशी असते कीं, शांत बसलेला मनुष्य दुःखी असला पाहिजे. गेल्या वैशाखांतील एका लग्नांत आम्हीं पाहिलें कीं, या गृहस्थानें सत्तरीच्या वर वय असलेल्या एका निवृत्त शिक्षकांस हात धरून व्यासपीठावर ओढून नेलें, त्यांच्या डोक्यावर कागदी टोपी घातली, व सिनेमाच्या गाण्यावर त्यांस नाचावयास लाविलें. सभा हंसली. ते सद्गृहस्थहि हंसले, कारण लग्नघरीं रागावणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. परंतु खालीं येऊन ते आपल्या जागीं बसले नाहींत. जोडे शोधून बाहेर गेले, आणि रात्रीं स्वागतसमारंभास ते आम्हांस दिसले नाहींत. त्यांनीं त्या घरांतील दोन पिढ्यांस अक्षरें शिकविलीं होतीं असें आम्हांस मागाहून कळलें. हें सांगण्यास त्या दिवशीं कोणास ध्वनिवर्धक मिळाला नाहीं.

आमच्या व्यवसायाच्या संवयीमुळें आम्ही या गोष्टीकडे आधीं कायद्याच्या बाजूनें पाहतों. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याचें सातवें कलम पहावें. ज्या पक्षाच्या चालींत सप्तपदी आहे, तेथें वधूवरांनीं अग्नीसमोर सातवें पाऊल टाकितांच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. त्यापुढें जें कांहीं होतें तें कायद्याच्या दृष्टीनें शोभेचें आहे. एप्रिल २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि एका प्रकरणांत हेंच बजाविलें कीं, हिंदु विवाह हा नाचगाण्याचा व खाण्यापिण्याचा प्रसंग नसून संस्कार आहे. विधि झाला नसेल तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानें कोणी पतिपत्नी होत नाहीं. विधि नको असेल त्यास १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची वाट मोकळी आहे; तेथें नोंदणी-अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदार पुरतात. दोन्ही वाटांवर मनुष्यांची गरज लागते ती साक्षीसाठीं.

हिंदु कायद्यानें साक्षीदारांची संख्या ठरविली नाहीं, पण चालीनें ती कधींच ठरविली आहे : जितक्या हातांत अक्षता, तितके साक्षी. अंतरपाटाच्या अलीकडे पलीकडे उभे असलेले लोक मंगलाष्टकांच्या शेवटीं अक्षता टाकतात, तेव्हां ते प्रेक्षक नसतात. आपल्या हाताच्या त्या हालचालीनें ते या संबंधास मान्यता देतात, आणि पुढें त्या मुलीवर कांहीं प्रसंग आला तर 'हें लग्न आमच्यासमोर लागलें' असें म्हणण्याचा अधिकार, व आम्ही म्हणूं कीं कर्तव्यहि, त्यांजकडे येतें. जोतीराव फुल्यांस हें नीट कळलें होतें. सत्यशोधक समाजाच्या विधीनें पहिलें लग्न पुण्यास डिसेंबर १८७३ मध्यें लागलें. त्या पद्धतींत वधूवरांनीं परस्परांस द्यावयाचीं वचनें त्यांनीं मराठींत बांधिलीं, तीं कां? जमलेल्या माणसांस कळावींत म्हणून. ज्यास शब्द कळत नाहींत तो साक्षी कसला? अशा साक्षीस अक्षता पडल्यावर पांच तास ताटकळत ठेवावें, आणि मग त्याचा कंटाळा घालविण्यासाठीं भाड्याचा विदूषक आणावा, यांत त्याचा दुहेरी उपमर्द आहे असें आमचें मत आहे.

हें मोकळें अंतर आलें कोठून, तेंहि पाहिलें पाहिजे. कारण पुष्कळ लोक त्यास परंपरा समजतात. आमच्या आज्यापणज्यांचीं लग्नें चार चार, पांच पांच दिवस चालत, ही गोष्ट खरी. परंतु त्या दिवसांत मोकळा वेळ असा राहतच नसे. सीमांतपूजन, रुखवत, सुनमुख, ऐरणीदान, झाल, वरात असे विधि व उपचार एकामागून एक गुंफलेले असत, आणि प्रत्येकांत कोणत्या तरी नात्याच्या माणसाचें काम असे : मामाचें एक, करवलीचें एक, आत्याचें एक. माणसें कामांत असत, म्हणून त्यांची करमणूक करावी लागत नसे. १७८३ सालीं पुण्यास सवाई माधवरावांचें लग्न झालें, तेव्हां नाना फडणविसांनीं सर्व व्यवस्थेची लेखी याद करून कामें वांटून दिलीं होतीं, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. त्या थाटाचें आम्ही समर्थन करीत नाहीं. राज्याच्या तिजोरीवर केलेल्या लग्नाचा कित्ता कारकुनानें गिरवावा हें आम्हांस कधींच मान्य होणार नाहीं. पण आलेल्या मनुष्याकडे कोणीं पहावयाचें हें आधीं ठरवावें लागतें, एवढें तरी त्या मुत्सद्द्यास समजत होतें.

स्वागतसमारंभ ही वस्तु आम्हीं इंग्रजांकडून घेतली. परंतु घेतांना घड्याळ घेतलें नाहीं. इंग्लंडांत जुन्या कायद्यानें लग्न दुपारीं बाराच्या आंत लागलेंच पाहिजे असा निर्बंध होता. १८८६ सालीं ती मर्यादा तीन वाजेपर्यंत व १९३४ सालीं सहा वाजेपर्यंत वाढविली, आणि २०१२ च्या कायद्यानें ती अगदींच काढून टाकिली. लग्न सकाळींच लागत असल्यामुळें देवळांतून निघालेली मंडळी थेट जेवणास बसत, व त्या जेवणास आजहि तिकडे न्याहारीच म्हणतात. म्हणजे ज्यांच्यापासून आम्हीं ही चाल उचलली त्यांच्याकडे मुळांत विधि व मेजवानी यांत पोकळी नव्हती. आमच्याकडे ती पडली याचें कारण वेगळें आहे. मुहूर्त पंचांगानें सकाळचा दिला, आणि मुंबईपुण्याच्या कचेऱ्यांनीं व गिरण्यांनीं माणसांस संध्याकाळपर्यंत सोडलें नाहीं. सोयरेधायरे सकाळीं येऊं शकत. कचेरींतील सोबती संध्याकाळींच. दोन प्रकारच्या पाहुण्यांसाठीं दोन समारंभ झाले. व्यवस्था म्हणून यांत वावगें कांहीं नव्हतें. सकाळच्या पाहुण्यानें जेवून घरीं जावें, संध्याकाळच्यानें संध्याकाळीं यावें. पुढें हळूहळू सकाळच्यांनींहि संध्याकाळीं असलेंच पाहिजे असा आग्रह आला, आणि मधली पोकळी लग्नाचा भाग होऊन बसली. गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांतहि तिसऱ्या प्रहरीं चर्चमधील विधि व रात्रीं मेजवानी यांत असेंच अंतर पडतें असें आम्ही पाहतों. तेव्हां हा दोष कोणत्या एका धर्माचा आहे असें नाहीं.

पोकळी भरण्याचे उपायहि आजचे नव्हत. शंभर सव्वाशें वर्षांपूर्वीं श्रीमंतांच्या लग्नांत हा वेळ कलावंतिणींच्या नाचानें भरला जात असे, व प्रतिष्ठित म्हणविणारे लोक बायकामुलांस पडद्याआड बसवून तो पाहत. १८९३ सालीं मद्रासच्या समाजसुधारकांनीं व्हाइसरॉय व तेथील गव्हर्नर यांस अर्ज केला कीं, अशा बैठकींस आपण जाऊं नये. दोघांनींहि नकार दिला. सरकारास आमच्या सुधारणेची किती कळकळ होती याचा तो एक नमुनाच. त्या सुधारकांच्या हेतूबद्दल आम्हांस आदर आहे, पण त्यांच्या रोखाबद्दल तितका नाहीं. त्यांनीं दोष नाचणारणीवर ठेविला. सुपारी देणारा, तक्क्यास टेकून बसणारा व दुसऱ्या दिवशीं सभेंत नीतीवर बोलणारा जो यजमान, तो बहुतेक सुटला. त्या स्त्रियांची विद्या गेली, पोट गेलें. आज आम्ही डीजेवाल्यावर व सूत्रसंचालकावर तुटून पडूं तर तीच चूक पुन्हां होईल. ते बोलावल्यावांचून आलेले नाहींत.

तथापि डीजेचा आवाज हा केवळ रुचीचा प्रश्न नव्हे, तो कायद्याचा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल ही आवाजाची मर्यादा आहे, आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांत उघड्यावर ध्वनिवर्धक लावतां येत नाहीं. इस्पितळ, शाळा व कोर्ट यांच्या भोंवतीं शंभर मीटरपर्यंत शांततेचें क्षेत्र समजतात. कित्येक मंगल कार्यालयें नेमकीं अशाच वस्तींत आहेत, आणि तेथील व्यवस्थापक हे नियम भिंतीवर लावून खालीं ध्वनिवर्धकाच्या भिंती उभ्या करूं देतात. येथें एक गोष्ट न्यायासाठीं सांगितली पाहिजे. लग्नांत गाणीं वाजविणें हा स्वतः गुन्हा नाहीं. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यांतील ५२ व्या कलमानें विवाहाची मिरवणूक व विवाहासंबंधींचे इतर सामाजिक समारंभ यांस मुद्दाम सूट दिली आहे. कायद्याचा आक्षेप गाण्यास नाहीं. छातींत धडकी भरविणाऱ्या आवाजास आहे.

याहून नाजुक विषय बायकांच्या करमणुकीचा. दुपारच्या वेळीं 'खास महिलांसाठीं' म्हणून हळदीकुंकू, ओटी व खेळ ठेवण्याची पद्धत आहे, आणि वरवर पाहतां ती फारच सोज्ज्वळ दिसते. पण ज्या क्षणीं करंडा फिरूं लागतो त्या क्षणीं त्या बैठकीचे दोन भाग पडतात. वधूची मावशी, जिनें आदल्या रात्रीं जागून रुखवताचीं ताटें लाविलीं, ती हळूच उठून कोठीच्या खोलींत जाते, कारण तिचा नवरा दोन वर्षांमागें वारला. तिला कोणी ऊठ म्हणत नाहीं. म्हणावें लागत नाहीं, हेंच तर वाईट. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड गांवच्या ग्रामपंचायतीनें ठराव करून विधवेचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें या चाली बंद केल्या, व त्याच महिन्यांत राज्य सरकारनें तोच कित्ता इतर पंचायतींनीं गिरवावा असें परिपत्रक काढिलें. एका खेड्यास जें साधलें तें पुण्याच्या वातानुकूलित कार्यालयांत साधूं नये काय? लग्नघरच्या यजमानीणबाईंनीं पहिलें कुंकू त्या मावशीस लाविलें, तर त्या दुपारीं दुसऱ्या करमणुकीची उणीव कोणास भासणार नाहीं.

उखाण्याविषयीं मात्र आमचें मत पुष्कळ अनुकूल आहे. नवऱ्याचें नांव तोंडानें उच्चारावयाचें नाहीं अशा काळांत बायकांनीं काढलेली ती एक युक्ति होती. बंदी पाळावयाची आणि ती मोडावयाचीहि, तेंहि यमक साधून. आतां बंदी गेली आहे, यमक राहिलें आहे. तें राहूं द्यावें. फक्त वरासहि नांव घ्यावयास सांगावें, व तो अडखळला तर त्यास कोणीं मदत करूं नये. विहिणीच्या गाण्यांची गोष्ट निराळी. त्यांतील विनोद पुष्कळदां चुरचुरीत असतो, पण ज्या दिवशीं एका पक्षानें हात जोडून उभें रहावयाचें व दुसऱ्यानें मान घ्यावयाचा असा दंडक आहे, त्या दिवशीं थट्टेचा भार एकाच बाजूवर पडतो.

या दंडकाचाच दुसरा परिणाम खर्चावर होतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालीं झाला. त्यानंतर रोकड मागणारा वरपिता सावध झाला. तो आतां म्हणतो, 'आम्हांला कांहीं नको, फक्त लग्न चांगलें करून द्या.' या 'चांगलें' शब्दाच्या पोटांत काय काय सांठविलें आहे तें ज्यानें मुलीचें लग्न केलें आहे त्यासच विचारावें. दोन समारंभ म्हटले म्हणजे कार्यालय पहांटेपासून मध्यरात्रीपर्यंत. जेवणें दोन, मध्यें चहाफराळ. फुलांची सजावट दोनदां, कारण सकाळचीं फुलें संध्याकाळीं कोमेजतात. आणि या सर्वांवर करमणुकीचा मक्ता. पाहुण्यास विचाराल तर यांतील निम्म्याहून अधिक त्यास नको असतें. म्हणजे ज्याच्यासाठीं खर्च होतो त्याला तो नको, ज्याच्या खिशांतून होतो त्याला झेंपत नाहीं, आणि तरीहि तो होतो.

आमच्या मतें यावर पहिला व सर्वांत चांगला उपाय हा कीं, पोकळी भरण्याच्या नादास न लागतां ती मिटवून टाकावी. आणि त्यासाठीं धर्मशास्त्राशीं भांडण्याचीहि जरूर नाहीं. आमच्या पंचांगांत गोरज मुहूर्त आहे. सूर्यास्ताच्या सुमारास, गाई रानांतून परततांना त्यांच्या खुरांची धूळ उडते ती ही वेळ. ज्योतिषग्रंथांनीं ती विवाहास शुभ मानिली आहे, आणि खेडोपाडीं या वेळीं लग्नें लागत आलीं आहेत. संध्याकाळीं सहा साडेसहास अक्षता पडाव्या, सप्तपदी व्हावी, आणि आठ वाजतां सर्वांनीं एकत्र जेवून आपापल्या घरीं जावें. कचेरींतील सोबत्यास अक्षता टाकावयास मिळतील, आत्याबाईस दुपारीं घरून निघून चालेल, आणि वधूपित्यास एकच स्वयंपाक करावा लागेल. शहरांत गाई नाहींत व धूळ मोटारींची उडते, असें कोणी थट्टेनें म्हणेल, म्हणो. मुहूर्त सूर्यावर आहे, गाईंवर नाहीं. ज्यांस मुहूर्ताचीच आवश्यकता वाटत नाहीं त्यांचें काम तर याहून सोपें.

येथें एक आक्षेप आमच्या ग्रामीण वाचकांकडून येईल आणि तो रास्त आहे. ते म्हणतील, मुहूर्त गोरजाचा धरा नाहींतर दुपारचा, आमच्याकडे तो साधतो कोण? वरात डीजेपुढें नाचत राहते, पुढाऱ्यांचे सत्कार व आशीर्वादाचीं भाषणें चालतात, आणि पत्रिकेवर साडेबारा छापलें असतां अक्षता तीनला पडतात. तोंवर उन्हाळ्याच्या मांडवांत म्हातारीं माणसें व लहान मुलें उपाशी. हें खरें आहे, आणि आम्हांस तें शहरी पोकळीहून अधिक निष्ठुर वाटतें. पुढारी मंडळींनीं मनांत आणिलें तर ही रीत एका लग्नसराईंत मोडेल. वेळेवर यावें, इतरांबरोबर उभें राहून अक्षता टाकाव्या, व भाषण न करतां जेवावें. एवढें जो आमदार करील त्याचें नांव आम्ही आनंदानें छापूं.

ज्यांस कांहीं कारणानें दोन समारंभ करणें भागच आहे, त्यांनीं पाहुण्यास मोकळें तरी करावें. पत्रिकेंत स्पष्ट लिहावें कीं, जे विवाहास आले त्यांनीं सायंकाळीं येण्याची तसदी घेऊं नये. आणि हें नुसतें लिहूं नये, पाळावें. कोण राहिला, कोण गेला याची मोजदाद पुढें वर्षभर चालवूं नये. दूरच्या गांवचे जे राहणारच, त्यांच्यासाठीं एक मोठी खोली, चार सतरंज्या, तक्के, पिण्याचें पाणी व चार वाजतां चहा ही खरी सोय. उन्हांत प्रवास करून आलेल्या व भरपेट जेवलेल्या मनुष्यास दुपारीं तीन वाजतां झोंपेहून अधिक रम्य करमणूक कोणती हें आम्हांस कोणी सांगावें.

आणि झोंपून उठल्यावर? तेव्हां त्यांची एकमेकांशीं गांठ घालून द्यावी. लग्न दोन माणसांचें असलें तरी त्या दिवशीं दोन कुळांचा संबंध जुळतो असें आम्ही मोठ्यानें सांगतों, आणि तीं दोन कुळें मांडवाच्या दोन बाजूंस अनोळखी बसून रात्रीं निघून जातात. अर्धा तास असा ठेवावा कीं, वधूकडील कोणा जाणत्यानें आपल्या माणसांची ओळख करून द्यावी : हे मामा, हे शेजारी, ही मुलीची शाळेंतली बाई, हा तिच्या कारखान्यांतला सोबती, मग वरपक्षानेंहि तसेंच करावें. वधूवरांनीं त्या वेळीं तेथेंच असावें. छायाचित्रकारास थांबूं द्यावें. रुखवत मांडलेलें असतें तें कोणीं काय केलें हें सांगून दाखवावें. घरांत कोणी गाणारा असेल तर त्यानें गावें, ध्वनिवर्धकावांचून. मुलांस भेंड्यांस बसवावें व त्यांत म्हाताऱ्यांनीं शिरावें; जुन्या ओव्या व श्लोक आठवणारीं माणसें कोणत्याहि मांडवांत दहापांच तरी निघतात, आणि त्या बाबतींत आजची पिढी त्यांच्यापुढें टिकत नाहीं. नाच ज्यास येतो व आवडतो त्यानें खुशाल नाचावें. आमचा आक्षेप नाचास नाहीं, हात धरून ओढण्यास आहे.

भाड्यानें कलावंत आणूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. सनईवाला आणावा, आणि त्यास कोपऱ्यांत न बसवितां ऐकावा. कीर्तनकार किंवा शाहीर तासभर आणिला तर मांडवास शोभा येईल. मात्र त्याचें मानधन आधीं ठरवून, वेळेवर व पुरें द्यावें. आणि त्यास चालू कार्यक्रमांत थांबवून 'पांढऱ्या रंगाची मोटार वाटेंत उभी आहे' अशी घोषणा करूं नये.

कार्यालयांच्या चालकांस आमची एक सूचना आहे. पुष्कळ ठिकाणीं भाडें सबंध दिवसाचें आकारतात, त्यामुळें यजमानास वाटतें कीं पैसे भरलेच आहेत तर दिवस भरून काढावा. अर्ध्या दिवसाचा दर सर्वांनीं ठेविला, तर यजमानाचा खर्च वांचेल व चालकांस एका दिवसांत दोन लग्नें घेतां येतील. म्हणजे यांत परोपकार करावा लागतो असेंहि नाहीं.

'लोक काय म्हणतील' हा आक्षेप आम्हीं शेवटीं ठेविला, कारण तोच खरा आहे आणि बाकीचे त्याचीं वस्त्रें आहेत. लोक म्हणजे कोण, तर तेच पाहुणे. त्यांस एकदां खासगींत विचारून पहावें. आम्हीं आमच्या ओळखीच्या वीसपंचवीस घरीं विचारिलें. सूत्रसंचालक हवा असें एकानेंहि सांगितलें नाहीं. दोघांनीं पाठ टेकावयास जागा मागितली, पुष्कळांनीं वेळ पाळण्याची गोष्ट काढिली, आणि एका वृद्ध बाईंनीं सांगितलें कीं, नवरी मुलगी आमच्याजवळ क्षणभर येऊन बसली असती तर बरें झालें असतें.

तुळशीचीं लग्नें लागलीं कीं लग्नसराईस आरंभ होईल, आणि त्याआधीं पंधरा दिवस पत्रिका छापखान्यांत जातील. ज्यांच्या घरीं यंदा कार्य आहे त्यांनीं मजकूर देतांना त्यांत दोन ओळी घालाव्या : 'अक्षता छापलेल्या वेळींच पडतील. विवाहानंतर लगेच सर्वांचें एकत्र भोजन होईल; दुसरा समारंभ नाहीं.' या दोन ओळींबद्दल कोणताहि छापखाना वेगळा आकार घेत नाहीं.